ऑपरेशनला संमती नाही

ऑपरेशन होऊन मी घरी आले, त्यानंतरचे कितीतरी आठवडे आमच्या घरात दिवस उजाडायचा तो माझ्या शौचाचा रंग पाहून. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण त्या वर्षाबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. घराच्या मागे दोन भिंतींमधली फरशीची अरुंद पट्टी होती आणि तिच्या टोकाला संडास. आई बादली घेऊन तिथं उभी असायची. मी बाहेर आले की ती आत जायची, पाहायची आणि पुढच्या खोलीत माझ्या वडिलांना, अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "पिवळं आहे." डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं. रंग पांढरट मातीसारखा झाला, लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर घरगुती काही करत बसायचं नाही, ऑटो करायची आणि सरळ यायचं. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण हे सगळं तिला तोंडपाठ होतं. मी सतरा वर्षांची होते. रोज सकाळी संडासाच्या कडीला हात लावताना बाहेर आपली आई कशाची वाट बघत उभी आहे हे आठवायचं, आणि बरं होण्याचीसुद्धा चीड यायची.

आमचं घर बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढची खोली म्हणजे अण्णांचं शिवणाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. अण्णा शाळांचे युनिफॉर्म शिवायचे. निळे पिनाफोर, पांढरे शर्ट, खाकी चड्ड्या यांचे ढीग उंबऱ्यापर्यंत यायचे आणि मे महिन्यात तर उंबरा ओलांडून माझ्या कॉटखाली शिरायचे. पणजोबांच्याही आधी आमची माणसं बेंगळुरात आली. कुठून आली हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलायचो, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की पुण्याहून आलेली माणसं ऐकून गालात हसत. आता मी सर्जापूर रोडवरच्या ज्या इमारतीत राहते, तिथली कॉम्प्युटरवाली मराठी मुलं अजूनही हसतात. अण्णा मला पुट्टी म्हणायचे, कानडीत छोटी. दिवसभर मशीनचा आवाज, त्यात मिसळलेल्या बस स्टँडवरच्या कंडक्टरांच्या हाका आणि समोरच्या भांडीवाल्याची ठोकाठोक. मी कॉटवर पडून असायचे. मशीन मध्येच थांबलं की समजायचं, अण्णांनी मी कूस बदलल्याची चाहूल घेतली आहे.

लहानपणापासून मी पिवळी. वर्षातून एकदा-दोनदा डोळे पिवळे व्हायचे, पोटात उजव्या बाजूला वरती कळ यायची, आठ-पंधरा दिवसांत सगळं ओसरायचं. शाळेतल्या मुली मला अरशिणा म्हणायच्या. कानडीत अरशिणा म्हणजे हळद. आई भुईआवळ्याचा रस काढून अनशेपोटी प्यायला द्यायची आणि नाक दाबून धरायची. सगळ्यात वाईट होती ती खाज. तळहातांना, तळपायांना, कातडीच्या आत कुठंतरी सुटणारी खाज. मी कंगवा घेऊन पाय खाजवत बसायचे आणि चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. "उष्णता आहे गं," आई म्हणायची. मला ते खरं वाटायचं. आईनं सांगितलेलं खोटं असू शकतं हे त्या वयात कुणाला सुचतं?

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे बारावीला, कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. अंगात ताप होता आणि डोळे हळकुंडासारखे. अण्णांनी मिशनच्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जन बाई होत्या; उंच, आवाज जाडसर, कानडी अगदी हळू बोलणाऱ्या. स्कॅनिंग करून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी जी नळी असते, ती माझी जन्मापासूनच सदोष होती. एका जागी फुगून फुग्यासारखी झाली होती. पित्त तिथंच साचायचं, नासायचं, आणि वर यकृताला त्याची झळ लागायची. फुगलेली नळी काढून टाकायची आणि आतड्याचा एक पदर वर ओढून थेट यकृताला जोडायचा, असं ते ऑपरेशन. बाईंनी आईला विचारलं, "लहानपणी कधी कुणी हे सांगितलं होतं का? कुठं दाखवलं होतं?"

आई म्हणाली, "नाही."

अण्णा तिच्या शेजारीच उभे होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

ऑपरेशनला अख्खी सकाळ लागली. शुद्धीवर आले तेव्हा कुशीतून एक रबरी नळी बाहेर आलेली होती आणि उजव्या बरगडीखाली वीतभर लांब टाक्यांची तिरकी ओळ. सर्जनबाई दुसऱ्या दिवशी आल्या, स्टुलावर बसल्या आणि मला, फक्त मला, सगळं सांगितलं. यकृत हिरवट आणि घट्ट झालं होतं. त्याचा एक तुकडा तपासायला पाठवला होता. "पित्ताची वाट आता मोकळी झाली आहे. वय लहान आहे, लिव्हर बरंचसं सुधारेल अशी आशा आहे. किती सुधारेल ते वर्षभरात कळेल."

"नाही सुधारलं तर?"

"तर माझ्याकडे दुसरं काही नाही, सुनंदा."

आजही त्या बाईंबद्दल मला जी आपुलकी वाटते, ती त्या एका उत्तरामुळे. मोठ्या माणसानं मला खरं सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग घरचं पथ्य सुरू झालं. तेल बंद, तूप बंद, खोबरं बंद. गंजी म्हणजे तांदळाची पेज, नाचणीची अंबील, पाण्यात शिजवलेलं दोडकं, ताकावरचं लोणी काढून उरलेलं पाणचट ताक. शेजारच्या घरात सकाळी हुळीला, म्हणजे सांबाराला, हिंग-मोहरीची फोडणी बसली की मी तोंडावर चादर ओढायचे. आई मात्र स्वतःही तेच खायची. "तुला नाही तर मला कशाला," म्हणायची आणि माझ्या समोर बसून फोडणी न दिलेलं दोडकं भाताशी कालवायची. पहिले दोन आठवडे मला फार वेळ बसवत नव्हतं, तेव्हा ती मला भरवायची. घास छोटा करायची, फुंकर घालायची, "स्वल्प खा गं, एवढाच," म्हणायची. तिचे हात पाण्यात राहून चिरलेले असायचे. गल्लीतल्या बायका येऊन सांगत, अशी आई मिळायला भाग्य लागतं. आई त्यांना आत येऊ द्यायची, पण माझ्या पोटावर चादर घट्ट ओढून. "पोटात अल्सर झाला होता, गोळ्यांनी बरा झाला," असं ती सांगायची. ऑपरेशन हा शब्द तिनं गल्लीत कधी उच्चारला नाही. येलहंकेहून तिची थोरली बहीण दर आठवड्याला बसनं यायची, तिलाही माझे टाके पाहू दिले नाहीत. ही मावशी मामांकडे राहायची, फार कमी बोलायची, आणि आली की कुणी न सांगता पीठ चाळायला बसायची.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो. त्या तुकड्याचा रिपोर्ट आला होता. सर्जनबाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि आईकडे बघून म्हणाल्या, "हे एक-दोन वर्षांतलं नाही. यकृतावर बऱ्याच वर्षांचे चट्टे आहेत. ही अगदी लहान असल्यापासून त्रास असणार. नीट आठवून सांगा."

आई काही बोलायच्या आत अण्णांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो ते दुकानाच्या खणातून घेऊन आले होते, कधीपासून खिशात बाळगून होते कोण जाणे. घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला, सरकारी इस्पितळाचा कागद. सर्जनबाईंनी तो टेबलावर सपाट केला. मी खुर्चीत बसून उलटा वाचला. माझं नाव, वय वर्षं पाच. पित्तनळीत जन्मजात दोषाची शंका, पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला. त्याखाली कानडीत एक ओळ, वेगळ्या शाईत: ऑपरेशनला संमती नाही. आणि सही.

"ही सही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी," अण्णा म्हणाले.

"का?"

अण्णांनी कागदाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "तेव्हा केलं असतं तर यकृताला काहीसुद्धा झालं नसतं." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, तिलाही हे आत्ताच कळतंय.

बारा वर्षं. मी बसून हिशेब केला. बारा वर्षांचा भुईआवळा, बारा वर्षांची खाज, शाळेतला प्रत्येक अरशिणा. परतताना ऑटोत मी मध्ये बसले होते, आणि अण्णांचा खांदा लागू नये म्हणून पूर्ण रस्ताभर आईकडे कलून राहिले.

त्या दिवसापासून मी अण्णांशी बोलणं टाकलं. तेव्हा मला जे काही करता येण्यासारखं होतं, त्यात हे एकच होतं, आणि ते मी मन लावून केलं. संध्याकाळी ते स्टीलच्या डब्यात शहाळ्याचं पाणी घेऊन माझ्या कॉटशी यायचे. "पुट्टी, ताजं आहे." मी भिंतीकडे तोंड करायचे आणि आईला म्हणायचे, "ठेवा म्हणावं तिथं." ते ठेवायचे. मी ते पाणी पीत नसे. सकाळी आई डबा धुऊन त्यांच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी तो परत भरून यायचा. चौथ्या महिन्यात एका दुपारी थंडी वाजून ताप भरला, दातावर दात आपटू लागले. अण्णांनी हातातलं कापड टाकलं, मला उचललं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पळत नेलं. त्यांच्या गळ्यातली मापाची टेप माझ्या गालाला लागत होती. तशा तापातही मी मान फिरवून घेतली. इस्पितळात दहा दिवस शिरेतून औषध चाललं. जोडलेल्या जागी जंतू शिरले होते. सर्जनबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर यकृतानं मिळवलेलं सगळं घालवलं असतं. तेव्हाही अण्णा दाराबाहेरच्या बाकावर बसून होते आणि मी त्यांना आत बोलावलं नाही.

आई हे सगळं बघत होती. हे मला आज लिहिताना पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. रोज डबा तीच धूत होती.

पावसाळा सरता सरता शरीरानं उभारी धरली. आधी खाज गेली. ती गेल्याचं माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं. नखं गुलाबी झाली. गालांवर मांस आलं. रक्ताच्या तपासणीतले आकडे दर महिन्याला खाली येत होते आणि सर्जनबाई ते लाल पेन्सिलीनं एकाखाली एक लिहून ठेवत होत्या. मला कॉलेज परत सुरू करायचं होतं, बुडालेली परीक्षा द्यायची होती. आईच्या डोक्यात दुसरंच होतं. मी जरा भरलेली दिसायला लागले तसं तिनं चामराजपेटेतल्या एका कापडवाल्यांचं स्थळ आणलं. ऑपरेशनला तेव्हा आठ महिने झाले होते. "बघून तर जाऊ देत," ती म्हणाली. मी नाही म्हणाले नाही. तिनं माझ्यासाठी जे केलं होतं, त्यापुढं नाही म्हणायला मला जड गेलं.

ते लोक यायचे होते त्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत वेणी घालत होते. स्वयंपाकघर आणि खोलीच्या मध्ये फळ्यांची आडभिंत होती, वरून उघडी. आई केसरीबातासाठी, म्हणजे शिऱ्यासाठी, रवा भाजत होती. अण्णांचा आवाज आला.

"त्यांना सांगून टाकू. मागाहून कळलं तर पोरीचेच हाल होतील."

"काही सांगायचं नाही," आई म्हणाली. "साडी वर नेसली की डाग दिसत नाही."

"अगं, दिसण्याचा प्रश्न आहे का? तिला जन्मभर तपासण्या करायच्या आहेत."

"तेव्हा माझं ऐकलंत ना? मग आताही ऐका."

"तेव्हा तुझं ऐकलं म्हणून तर हे दिवस आले."

झाऱ्याचा आवाज थांबला. मग आई, अगदी खालच्या आवाजात: "मी पाय धरले. सही तुम्ही केलीत."

मी हातातली वेणी तशीच धरून उभी राहिले. मला रडू आलं नाही. फक्त समोरच्या फळीवर ठेवलेल्या कनकांबराच्या, म्हणजे अबोलीच्या, गजऱ्याकडे पाहिलं आणि वाटलं, हा आता मला ही बाई माळणार. आणि तिनं तो माळला. आत आली, माझी मान हलकेच पुढं वाकवली, गजरा खोचला, पदर पोटावरून सारखा केला. "सरी, झालं. छान दिसतेस," म्हणाली. मी ऐकलं आहे हे तिला कळलं की नाही, मला अजून माहीत नाही.

पाहुणे चौघे होते. मुलगा बरा होता, आपल्या बुटांकडे बघत बसला होता. त्याची आई बोलकी. केसरीबात खाता खाता माझ्याकडे निरखून म्हणाली, "मुलगी अंगानं जरा बारीक आहे."

"अभ्यास, दुसरं काय," आई म्हणाली. "तब्येतीची काही तक्रार नाही."

"माझं ऑपरेशन झालंय," मी म्हणाले. "पित्ताची नळी जन्मापासून खराब होती, ती काढली. लिव्हर अजून सुधारतंय. पूर्ण सुधारेल का ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

त्या बाईंनी बशी जमिनीवर ठेवली. बऱ्या मनाच्या असाव्यात, कारण म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस, बाळा." अर्ध्या तासानं ते लोक गेले. आईनं बशा गोळा केल्या, घासल्या, पालथ्या घातल्या. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता बस माझ्या बहिणीसारखी," ती म्हणाली.

मी उठून पुढच्या खोलीत गेले. अण्णा खाली बसून खाकी कापडावर खडूनं रेघा मारत होते. मी त्यांच्या समोर बसले. साडेसहा महिन्यांत मी त्यांच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. त्यांच्या कानशिलावरचे केस कधी पांढरे झाले हे मला कळलंच नव्हतं.

"अण्णा, मी सकाळी ऐकलं," मी म्हणाले. "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी रेघ पूर्ण केली. "तुझं सगळं तीच करत होती. तिच्या हातचं खाणं तू टाकलं असतंस तर जगली असतीस का?"

मी खाकी कापडाची सुरकुती हातानं सरळ केली.

"तुझ्या मावशीच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे," ते म्हणाले. "लग्नानंतर महिन्यात सासरच्यांनी परत पाठवली तिला. फसवलंत म्हणाले. तुझी आई तेव्हा दहा वर्षांची. दारात उतरलेली बहीण तिनं पाहिली आहे. तू पाच वर्षांची होतीस, दुखणं येऊन जाऊन होतं, आणि डॉक्टर म्हणत होते पोट फाडायचं. ती घाबरली."

"आणि तुम्ही?"

"मी शिकलेला होतो. मला कळत होतं." त्यांनी खडू खाली ठेवला. "सही माझीच आहे, पुट्टी. ती तिच्यावर ढकलू नकोस."

त्या दिवशी मी त्यांच्या हातून शहाळ्याचं पाणी घेतलं. पण मोकळेपणा काही परत आला नाही. साडेसहा महिने मी चुकीच्या माणसाला छळलं असं म्हणावं, तर तो माणूस स्वतःच म्हणत होता की चुकीचा नाही. बरोबर माणूस आत दोडकं चिरत होता आणि संध्याकाळी मला त्याच्याच हातचं जेवायचं होतं. मी जेवले. एकही घास टाकला नाही. माझ्या यकृताला त्या अन्नाची गरज होती, आणि मला जगायचं होतं. मनात तिच्याविषयी जे दाटलं होतं ते मी तसंच ठेवून तिचं रांधलेलं गिळत राहिले, महिनोन्महिने. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, माझ्याजवळ राहते. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं न्हाणंधुणं, औषधं, जेवण सगळं मी करते, आणि इमारतीतल्या बायका तिला सांगतात, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. मी तिला माफ केलेलं नाही. तिनं कधी माफी मागितलीही नाही.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा शेवटची मोठी तपासणी होती. अण्णांच्या शिवणाचा हंगाम होता, म्हणून आई आणि मी दोघीच गेलो. सर्जनबाईंनी स्कॅनिंग स्वतः उभं राहून पाहिलं. मग टेबलाशी बसून त्यांनी लाल पेन्सिलीच्या आकड्यांखाली शेवटचा आकडा लिहिला आणि त्याला गोल केला. त्या क्वचितच हसायच्या, त्या दिवशी हसल्या. "चट्टे आहेत ते राहतील," त्या म्हणाल्या, "पण बाकीचं लिव्हर उत्तम काम करतंय. मला एवढी आशा नव्हती. आता वर्षातून एकदा यायचं. कॉलेजला जा, थोडं तेल-तूप खा."

मी त्यांचा हात धरला.

आई खुर्चीच्या कडेला बसली होती. बाईंचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली, मग जरा पुढं सरकून कानडीत विचारलं, "मॅडम, तो पोटावरचा डाग जाईल का हो?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"नाही जाणार," मी मराठीत म्हणाले, आणि माझी फाइल उचलून बाहेर आले.